मधुमेह : पाणी, ताट आणि तप



एप्रिल २०१६ मध्ये मिरज रेल्वे स्थानकातून पाण्याने भरलेली एक गाडी दुष्काळाने होरपळलेल्या लातूरकडे निघाली. ‘जलदूत’ हे तिचे नाव. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. कृष्णाकाठने दुसऱ्याची तहान भागविली, याचा अभिमान या भागातील प्रत्येकाला आहे. पाण्याचे मोल येथील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातील माण-खटाव आभाळाकडे डोळे लावून बसतात. सांगलीत कृष्णा-वारणेच्या काठी ऊस डोलतो आणि जत-आटपाडीत टँकरची वाट पाहिली जाते. धरणात किती पाणी आले, किती सोडले, किती उरले, हा हिशेब येथे घराघरांत चालतो.

परंतु त्याच माणसाला ‘आज दिवसभरात आपण स्वतः किती पाणी प्यायलात?’ असे विचारले, तर तो क्षणभर गोंधळतो. निरोगी माणसाचा हा हिशेब चुकला, तरी शरीर सांभाळून घेते. मधुमेह जडलेल्या माणसाचे शरीर मात्र ही चूक सहजासहजी माफ करीत नाही. त्यातही जो श्रावक सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही, पर्वात उपवास करतो, त्याच्यासाठी हा हिशेब अधिकच काटेकोर असावा लागतो. मधुमेहाशी जुळवून घेताना पाणी, ताट आणि तप या तिन्हींचा मेळ कसा घालावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

रोग जुना, पसारा नवा

मधुमेह हा आजचा रोग नव्हे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये त्याचे वर्णन आहे. ज्याचे मूत्र मधासारखे गोड होते, तो मधुमेह, असा या नावाचाच अर्थ. पुढे १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने मूत्र आटवून त्यात साखर असल्याचे दाखवून दिले. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले आणि तोवर मृत्यूची वाट पाहणाऱ्या असंख्य बालकांना जीवदान मिळाले. बँटिंग यांचा १४ नोव्हेंबर हा जन्मदिवस आज जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. ‘आपण सडपातळ आहोत, आपल्याला कशाला होतो?’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन डोळे उघडणारे आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असू शकते आणि मधुमेहाची मुळे तेथेच रुजतात, हे त्या एका छायाचित्राने जगाला सांगितले.

साखर जाताना पाणी घेऊन जाते

मधुमेहाचा आणि पाण्याचा संबंध काय? मूत्रपिंड हे शरीरातील चोख मुनीम आहे. रक्तातील साखर मर्यादेत असते तोवर ते साखरेचा कणही वाया जाऊ देत नाही. ही पातळी सुमारे १८० च्या पुढे गेली, की मात्र साखर मूत्रात उतरू लागते आणि जाताना एकटी जात नाही. आपल्यासोबत पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी होते, तोंड कोरडे पडते, तहान लागते. पाणी कमी पडले, की रक्त घट्ट होते, त्यातील साखरेचे प्रमाण आणखी वाढते आणि मूत्रपिंडावरील ताणही वाढतो. साखर वाढली म्हणून पाणी गेले आणि पाणी गेले म्हणून साखर वाढली, असे हे चक्र आहे.

वृद्धांच्या बाबतीत हे चक्र विशेष घातक ठरते. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवे असते, पण मागणी नोंदविली जात नाही. ताप, जुलाब किंवा उन्हाळा अशा काळात काही वृद्ध मधुमेहींची साखर ६०० च्याही पुढे जाते, ते गुंगीत जातात आणि घरच्यांना वाटते, थकवा आला असेल. ही अवस्था जिवावर बेतणारी असते आणि तिची सुरुवात पुष्कळदा पाण्याच्या कमतरतेतून झालेली असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लघवी स्वच्छ आणि भरपूर होते, म्हणजे पाणी पुरेसे आहे’ हा नियम निरोगी माणसाला लागू पडतो. साखर अनियंत्रित असलेल्या मधुमेहीची लघवी भरपूर आणि फिकट असूनही त्याचे शरीर आतून कोरडे असू शकते. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये, साखर तपासावी.

दुकानाची गादी आणि पाण्याचा तांब्या

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे व्यापारात आहेत. सकाळी दहाला दुकानाचे दार उघडते आणि रात्री साडेआठला बंद होते. गादीवर बसून दिवस जातो. गिऱ्हाईक आले, की चहा मागवायचा आणि त्याच्याबरोबर आपणही घ्यायचा, ही बाजारपेठेची जुनी रीत. दिवसाचे सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर बारा चमचे साखर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम, केवळ सौजन्यापोटी पोटात जाते. पाणी मात्र मागे पडते. बाजारपेठेत स्वच्छ प्रसाधनगृह जवळ नसते, म्हणून अनेक व्यापारी आणि त्याहून अधिक प्रमाणात दुकानात बसणाऱ्या भगिनी जाणूनबुजून पाणी टाळतात. उठावे लागू नये म्हणून प्यायचेच नाही, हा उपाय मधुमेहीच्या मूत्रपिंडाला फार महाग पडतो. भगिनींमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वाढण्याचेही ते एक कारण आहे.

प्रौढ माणसाला सर्वसाधारणपणे दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात अधिक. मात्र ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल झाले आहे, त्यांना वैद्य पाण्याचे प्रमाण बांधून देतात. त्यांनी तेच प्रमाण पाळावे. येथील आकडे त्यांच्यासाठी नाहीत.

सूर्यास्त ते नवकारशी

चौविहार पाळणाऱ्या श्रावकाने घड्याळ पुढे ठेवून गणित मांडावे. सांगलीत डिसेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सुमारे सहाला होतो आणि सूर्योदय सातच्या सुमारास. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी. म्हणजे पावणेचौदा तास पाणी नाही. जूनमध्ये हा काळ पावणेबारा तासांच्या आसपास येतो. पण तेव्हा घामावाटे जाणारे पाणी अधिक असते. उरलेल्या दहा-बारा तासांतच दिवसभराचे पाणी शरीरात गेले पाहिजे.

दोनशे मिलीलिटरच्या पेल्याने दहा पेले, असा रोजमेळ ठेवता येतो. नवकारशी होताच दोन पेले. दुकान उघडताना एक, साडेअकराला एक. दुपारच्या जेवणापूर्वी अर्धा तास एक आणि जेवणानंतर तासाभराने एक. तीनला एक, साडेचारला एक. संध्याकाळच्या जेवणाआधी एक आणि सूर्यास्तापूर्वी शेवटचा एक. पाणी उकळलेले असो वा गाळलेले, ज्याच्या त्याच्या परंपरेप्रमाणे घ्यावे; पण दोन लिटरचे भांडे सकाळीच भरून गादीशेजारी ठेवावे. संध्याकाळी भांडे रिकामे झाले, तर हिशेब जुळला. दिवसभर विसरून सूर्यास्ताच्या आधी दहा मिनिटांत लिटरभर पाणी घाईने पिणे, हा काही हिशेब नव्हे. ते पाणी तासा-दोन तासांत निघून जाते आणि अंधारात उठताना वृद्ध पाय घसरून पडतात.

पाण्याऐवजी काय घ्यावे, हेही विचारले जाते. साखर न घातलेले पातळ ताक चांगले. मात्र द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ते डाळी-कडधान्यांबरोबर न घेता स्वतंत्र घ्यावे आणि रक्तदाब असल्यास मीठ बेतानेच घालावे. शहाळ्याच्या पाण्यात थोडी साखर असते. कधीतरी एखादे चालते, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारावे. फळांचा रस टाळून फळ खावे. उसाचा रस मात्र मधुमेहीने दुरूनच पाहावा. पाव लिटर रसातही पुष्कळ साखर असते आणि ती काही मिनिटांत रक्तात पोहोचते.

ताटाचा संयम

सांगलीच्या बाजारात हळदीइतकाच गूळही नावाजलेला आहे. म्हणून ‘साखर सोडली, आता गूळच घेतो’ असे अभिमानाने सांगणारे अनेक भेटतात. गूळ हा उसाचाच अंश. तो रक्तातील साखर जवळजवळ तितकीच वाढवितो. तासगावच्या बेदाण्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. साताऱ्याचा कंदी पेढा कितीही अस्सल असला, तरी मधुमेहीच्या दृष्टीने तो पेढाच.

भाकरीविषयीही असाच एक भ्रम आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्यापेक्षा निश्चित चांगली, तिच्यात चोथा असतो. पण ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात आणि त्यांची शेवटी साखरच होते. भाकरी मोजून खावी. ताटाचे अर्धे भाग शिजविलेल्या आणि कच्च्या भाज्यांनी भरावेत, पाव भाग वरण-उसळीने आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात बसवावा. आधी भाजी, मग उसळ आणि शेवटी भाकरी-भात, अशा क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी वाढते, असे अलीकडच्या संशोधनात आढळले आहे.

जैन आहारनियमांनी या बाबतीत पुष्कळ काम आधीच करून ठेवले आहे. कंदमुळे वर्ज्य म्हणून बटाटा, रताळे, सुरण हे पिष्टमय पदार्थ ताटात येतच नाहीत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण तर मधुमेहीला वरदानच. उशिरा रात्री जेवल्यास साखर अधिक वाढते, हे आता प्रयोगांती दिसून आले आहे. संध्याकाळी जेवून पंधरा मिनिटे मंदिरापर्यंत चालत गेल्यास त्याचा लाभ दुप्पट होतो. कारण चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात.

मात्र एका जागी सावध राहावे लागते. चातुर्मासात किंवा तिथीला पालेभाज्या वर्ज्य केल्या, की ताटातील मोकळी जागा भात, पोळी, खाखरा यांनी भरली जाते. पर्वाच्या दिवशी साखर वाढलेली आढळते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. ती जागा मूग, मटकी, चवळी, हरभरा, हुलगा यांनी भरावी. ज्यांच्याकडे मोड वर्ज्य असतात, त्यांनी मोड न आणता भिजवून शिजवावे. आयंबिलाचेही तसेच आहे. त्यात तूप, तेल, दूध, दही, साखर-गूळ, तळण काहीच नसते, म्हणून ते मधुमेहीला निर्धोक वाटते; पण नुसता भात-पोळीचा आयंबिल साखर झपाट्याने वाढवितो. त्यात मुगाचा, चण्याचा वाटा वाढवावा.

उपवास आणि औषधाची गोळी

आता सर्वांत नाजूक प्रश्न. नवकारशी आणि सायंकाळचे संयमित जेवण हे बहुतेक मधुमेहींना मानवते. उपवासाची गोष्ट वेगळी. निर्जळ उपवासात आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत सुमारे छत्तीस तास अन्न-पाणी नसते. निरोगी शरीर यकृतातील साठ्यावर आणि चरबीवर हा काळ निभावून नेते. ज्याच्या पोटात मधुमेहाची गोळी आहे किंवा ज्याने इन्सुलिन टोचले आहे, त्याचे गणित मात्र निराळे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन हे ‘जेवण येणार आहे’ असे गृहीत धरून काम करतात. जेवण आले नाही, तरी ते थांबत नाहीत. रक्तातील साखर खाली खेचत राहतात.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रकारच्या गोळ्या साखर मूत्रावाटे बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोहोचली. हृदय आणि मूत्रपिंड यांच्यासाठी ती गुणकारी आहे. पण निर्जळ उपवासात ती चालू ठेवली, तर शरीर कोरडे पडते आणि काही रुग्णांत साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही त्याची चिन्हे आहेत. उपवासाच्या त्रासाची म्हणून ती दुर्लक्षिली जातात, हा खरा धोका. अशी गोळी उपवासाच्या किती दिवस आधी थांबवायची, हे वैद्यांकडूनच ठरवून घ्यावे. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी वाढते, त्यांचेही असेच.

याबाबत मुस्लिम समाजाच्या रोजांवर जगभर मोठे काम झाले आहे. १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींच्या पाहणीत असे दिसले, की रमजानच्या काळात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींमध्ये साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण साडेसातपट वाढले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मार्गदर्शक सूत्रे तयार केली : उपवासकाळाच्या सहा ते आठ आठवडे आधी वैद्यांची भेट, धोक्याप्रमाणे रुग्णांचे वर्ग आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास उपवास तेथेच सोडणे. हे शहाणपण कोणत्याही एका धर्माचे नाही. पर्युषण आणि दशलक्षण पर्व भाद्रपदाच्या आसपास येतात. म्हणजे आषाढातच वैद्यांची भेट झाली पाहिजे.

इन्सुलिनवर जगणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहींनी, वारंवार साखर उतरणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी निर्जळ उपवासाचा विचारही करू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद करणे म्हणजे प्राणाशी खेळ. इन्सुलिन प्राणिज असते, म्हणून ते नको, असे म्हणणारेही काही जण आहेत. सुरुवातीला ते गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई, हे खरे. पण जनुकीय तंत्राने जिवाणूंमध्ये तयार केलेले मानवी इन्सुलिन १९८२ पासून उपलब्ध आहे आणि आज सर्रास तेच किंवा यीस्टमध्ये बनविलेले वापरले जाते.

पहाटेचे तीन आणि साखरेचा डबा

अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. साठी ओलांडलेला एक श्रावक. चौविहार नियमाने पाळणारा. संध्याकाळी सहाला थोडेच जेवला, नेहमीची गोळी घेतली. पहाटे तीनला त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलू लागतो. पत्नीच्या हातात साखरेचा डबा आहे आणि मनात एकच प्रश्न : यांचे व्रत मोडले, तर पाप कोणाला? त्या पाच मिनिटांच्या घालमेलीत माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

या पत्नीला निःशंक करणारे उत्तर व्रताच्या पाठातच आहे. पच्चक्खाण घेताना ज्या सवलती उच्चारल्या जातात, त्यांना आगार म्हणतात. त्यांपैकी एक आगार सर्वसमाधीसाठी आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली, तर औषधोपचारासाठी घेतलेल्या वस्तूने पच्चक्खाणाचा भंग होत नाही, असा त्याचा भावार्थ. पूर्वाचार्यांनी ही खिडकी भिंत बांधतानाच ठेवली आहे. दिगंबर परंपरेत तीर्थंकर नामकर्माच्या सोळा भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे. तप शक्तीनुसार करावे. शक्ती झाकूनही नको आणि शक्तीबाहेरही नको. दोन्ही परंपरा एकच गोष्ट सांगतात : देह हे साधनेचे साधन आहे, त्याला अविचाराने मोडणे म्हणजे तप नव्हे.

म्हणून घरातील प्रत्येकाने हे पाठ करावे. साखर ७० च्या खाली गेली किंवा तशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. न वाढल्यास पुन्हा द्यावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. तत्काळ रुग्णालय गाठावे. व्रताची आलोचना गुरुमहाराजांपाशी नंतर करता येते.

अशी रात्र येऊच नये, यासाठीही मार्ग आहेत. सूर्यास्तानंतर घ्यावयाची गोळी चौविहारामुळे कित्येक जण परस्पर सोडून देतात किंवा सायंकाळच्या गोळीबरोबर एकदम घेतात. दोन्ही चूक. ‘मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही’ हे वैद्यांना आधी सांगावे. पुष्कळ औषधांच्या वेळा बदलता येतात, प्रकारही बदलता येतो. ज्यांना रात्री पाणी किंवा औषध आवश्यकच आहे, त्यांच्यासाठी तिविहार आणि दुविहाराची पच्चक्खाणे आहेत. तिविहारात पाणी चालते, दुविहारात औषधही. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासताना पोटात काहीच जात नाही. तरीही मनात शंका असल्यास गुरुमहाराजांना आधी विचारून निःशंक व्हावे.

सहातील एकच

मधुमेहीच्या मनात एक सल असतो. ‘शेजारी अठ्ठाई करतो आणि आपल्याकडून एक उपवासही होत नाही.’ तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपे सहा सांगितली आहेत. अनशन हे त्यांपैकी केवळ पहिले. दुसरे अवमौदर्य, म्हणजे ऊनोदरी : भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. तिसरे वृत्तिपरिसंख्यान, म्हणजे भिक्षेला व वस्तूंना मर्यादा घालणे. गृहस्थासाठी ‘आज पाचच पदार्थ’ असा नियम. चौथे रसपरित्याग : तूप, दूध, दही, तेल, साखर, मीठ यांपैकी रसांचा त्याग. पाचवे विविक्त शय्यासन, एकांतवास. आणि सहावे कायक्लेश.

या यादीकडे मधुमेहीने नीट पाहावे. ज्या दिवशी त्याने भाकरी मोजली, त्या दिवशी ऊनोदरी झाली. लग्नाच्या पंगतीत बारा पदार्थ असताना चारच घेतले, तेव्हा वृत्तिपरिसंख्यान झाले. दिवाळीच्या फराळात सर्वांसमवेत बसूनही गोडाला हात लावला नाही, तेव्हा रसपरित्याग झाला. वैद्यांनी सांगितले म्हणून नाइलाजाने केले, तर ते पथ्य. समजून, संकल्पपूर्वक आणि समभावाने केले, तर तेच तप. अठ्ठाई आठ दिवसांनी संपते. मधुमेहीच्या रसपरित्यागाला पारणेच नाही.

संस्थांनी काय करावे?

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा जसा क्षण आहे, तसा नवे रिवाज पाडण्याचाही. चार गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील. पहिली : मोठ्या तपश्चर्येचे पच्चक्खाण घेणाऱ्या चाळिशीपुढील प्रत्येकाने आधी साखर तपासावी, अशी व्यवस्था मंदिर किंवा उपाश्रयाच्या आवारात व्हावी; कारण अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसते. दुसरी : सामुदायिक पारण्यात मधुमेहींसाठी मुगाचे पाणी आणि बिनसाखरेचे पदार्थ यांची वेगळी पाट मांडावी. अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे इक्षुरसाने होते. भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची ती मंगल स्मृती आहे. मधुमेही तपस्व्याने वैद्यांशी आधी बोलून तो चमचाभरच घ्यावा. भाव पेल्याच्या मापावर अवलंबून नसतो. तिसरी : प्रभावनेत पेढे आणि साखर वाटण्याऐवजी दुसरी उपयुक्त वस्तू द्यावी. चौथी : बाजारपेठेत, विशेषतः भगिनींसाठी, स्वच्छ प्रसाधनगृह उभे करण्यात समाजाने पुढाकार घ्यावा. पाणपोई उभारणे पुण्याचे, तसेच हेही.

आणि शेवटची गोष्ट पैशाची नसून मनाची आहे. पर्वाच्या सांगतेला तपस्व्यांचा वरघोडा निघतो, सत्कार होतो, अनुमोदना होते. ते योग्यच आहे. पण त्या गर्दीच्या कडेला एक वृद्ध श्रावक उभा असतो. त्याने वीस वर्षांत गोडाचा कण घेतलेला नाही. रोजच्या दहा पेल्यांचा हिशेब चुकविलेला नाही. उपवासाची ओढ असूनही गुरूंच्या आणि वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने ती आवरली आहे. कारण घरात त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आहेत. त्याच्या गळ्यात हार पडत नाही आणि त्याचे नावही फलकावर येत नाही. यापुढे समाजाने त्याच्याही तपाची अनुमोदना करावी. तसे झाले, तर पुढच्या पर्वात कोणी मधुमेही केवळ लोकलज्जेस्तव औषध लपवून निर्जळ उपवासाला बसणार नाही आणि पहाटे तीन वाजता साखरेचा डबा हातात घेतलेल्या एखाद्या गृहिणीचा हात थरथरणार नाही.

जय जिनेंद्र.